नववं बोट

१

दोष ताईबाईचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गावात आजही कुणी विचारलं तर लोक चुडामणचं नाव घेतात. चुडामण मारायचा, हे खोटं नाही. पण चुडामणचा हात सुटायचा तो त्याच्या आईची, म्हणजे ताईबाईची जीभ सुटल्यावर. "तुनी बायको आज काय बोलनी, माहीत शे का तुले?" एवढंच ती दिवेलागणीला म्हणायची आणि जपमाळ घेऊन ओसरीवर जाऊन बसायची. पुढचं आपोआप व्हायचं. आत पट्टा वाजायचा, बाहेर मणी सरकायचे.

गाव अमळनेरपासून अर्ध्या तासावर. गल्लीला कान होते, नव्हते असं नाही. कुणाकडे पाहुणा उतरला, कुणाची म्हैस आटली, हे त्या कानांना भिंतीपलीकडून ऐकू यायचं. पट्टा तेवढा ऐकू यायचा नाही. म्हातारी माणसं म्हणायची, घराघरातलं शे, आपण काय बोलाचं. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला एकदा तरी त्या पट्ट्याखाली उभा करायला हवा होता.

त्या वर्षी पौषात दिपमाला गेली. चुडामणची बायको, किरण आणि सपनाची माय. पोटात लाथ बसली आणि तीन दिवस ती गोधडीत मुरगळून पडली. ताईबाई म्हणाली, नखरा शे. चौथ्या दिवशी जीप बोलावली, तर जीपवाल्यानेच वाकून चादर तिच्या तोंडावर ओढली. कागदावर आजार लिहिला गेला. बाराव्याला गाव जेवून गेलं.

मागे राहिला किरण, अकरा वर्षांचा, आणि सपना, पाच वर्षांची. किरणने एक विद्या शिकून घेतली होती. बापाची मोटारसायकल स्टँडला एका झटक्यात लागली, तर ठीक. स्टँड दोनदा घसरला, की सपनाला धान्याच्या कोठीमागे ढकलायचं आणि आपण समोर उभं राहायचं. खांदे वर घ्यायचे, जीभ दातांच्या आत ठेवायची. वीस-बावीस फटक्यांनंतर बापाचा खांदा दुखतो, हे त्याने मोजून काढलं होतं. सपनापर्यंत एकही पोचू द्यायचा नाही, एवढाच त्याचा हिशेब. आणि तोपर्यंत एकही पोचला नव्हता.

२

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण. लिंबाला झोके, पोरींची गाणी, घरोघर आमरस. या घरात कुणी माहेरवाशीण यायची नव्हती, पण पितरांचं करणं चुकवता येत नाही. दिपमाला त्याच वर्षी गेलेली, म्हणून तिच्या नावाची नवी घागर भरून आतल्या खोलीत ठेवली. घागरीवर लहान लोटी, लोटीवर डांगर म्हणजे खरबूज, दोन आंबे, दोन सांजोऱ्या.

घागरीच्या आधी उंबरठा पुजतात. घरातल्या गेलेल्या माणसांचं एकेकाचं नाव घ्यायचं आणि कुंकवाच्या ओल्या बोटाने उंबरठ्यावर एकेक रेघ ओढायची. एक नाव, एक बोट. ताईबाई दरवर्षी सात ओढायची. यंदा आठ.

किरण कुंकवाची वाटी धरून उकिडवा बसला होता. पहाटे त्याच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं होतं आणि तेव्हापासून म्हातारीचा पट्टा, म्हणजे तोंडाचा, चालूच होता. "माय गयी तशी तूबी का नही जात? घरले नुसता भार शे." बडबडता बडबडता ती नावं घेत होती. तोतारामबाबा, एक बोट. चिंधानाना, एक बोट. मध्येच किरणला एक शिवी. पुन्हा एक नाव. आठवं दिपमालाचं. ते तिने ओठ वाकडे करून ओढलं, आखूड, फिकट. आणि न थांबता बोट परत वाटीत बुडवलं.

"किरण," ती म्हणाली, आणि नववं बोट ओढलं.

झाडावर घुमणारा होला गप्प झाला की काय, असं किरणला वाटलं. तसं काही झालं नसेल. तो म्हणाला, "आजी, मी आठेच शे ना. तुना समोर."

ताईबाईने रेघेकडे पाहिलं. चूक झाली हे तिला कळलं. तिच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसलं, आणि मग ते तिने झाकून टाकलं, तेही दिसलं. ओलं फडकं तिच्या मांडीवर होतं. एकदा फिरवलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण म्हाताऱ्या माणसाला नातवासमोर चुकलं म्हणण्यापेक्षा नातू गेलेला परवडतो.

"काढेल बोट पुसतस नही," ती म्हणाली. "आपोआप जाई. ऊठ आते."

संध्याकाळपर्यंत पायांखाली येऊन आठ बोटं पुसट झाली. नववं ओलंच होतं. कुंकवात तेल पडलं असेल, असं किरणने स्वतःला सांगितलं.

३

दुपारी पंगत बसली. चुडामण, सपना आणि खांबाशी आपल्या नेहमीच्या जागी किरण. ताईबाईने आधी आगारी टाकली. गोवरीच्या निखाऱ्यांवर पितरांचे घास टाकतात ती आगारी. पुरणपोळीचा तुपात बुडवलेला तुकडा, एक नाव. पुढचा तुकडा, पुढचं नाव. नववा तुकडा निखाऱ्यावर चरचरला आणि किरणचं तोंड भरून आलं. गूळ, तूप आणि थोडा धूर. त्याने गिळलं. पोट गच्च झालं, जसं चार पोळ्यांनी होतं.

त्याच्यापुढे ताट ठेवलंच गेलं नाही.

"दादाले नही वाढं," सपना म्हणाली.

"तू जेव आधी," म्हणत ताईबाईने तिच्या वाटीत रस ओतला. चुडामणने मान वर केली नाही. किरणला भूक नव्हती, म्हणून त्याने मागितलं नाही. वासानेच पोट भरतं कधी कधी, असं त्याने ऐकलं होतं.

चार वाजता चुडामण पारावरचे पत्ते हरून परत आला. स्टँड तीनदा घसरला. किरणने सपनाला कोठीमागे ढकललं आणि तो उभा राहिला. खांदे वर, जीभ आत. चुडामण दारातून आला, खुंटीवरचा पट्टा काढला, दोन पावलं पुढे आला. आणि वाटेत खांब लागल्यासारखा किरणला वळसा घालून माठाकडे गेला. पाणी प्यायला. पट्टा हातातच ठेवून खाटेवर आडवा झाला आणि घोरायला लागला.

किरण तसाच अर्धा तास उभा राहिला. वर घेतलेले खांदे खाली कसे आणायचे, याची त्याला सवय नव्हती.

४

पहिले दोन दिवस त्याने याला अबोला समजलं. त्या घरात अबोला हे हत्यारच होतं. ताईबाईने एकदा दिपमालाशी सहा महिने अबोला धरला होता, मीठ हवं असलं तर मांजरीला सांगायची. तसंच असेल. नवीन शिक्षा असेल.

तिसऱ्या दिवशी बाप खाटेवर बसला असताना किरण मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसला. चुडामणने तोंड पुसलं आणि ओला टॉवेल बाजूला ठेवला. किरणच्या मांडीवर. खुर्चीवर ठेवतात तसा, नीट झटकून. मग बाहेर निघून गेला. टॉवेल मांडीवर वाळेपर्यंत किरण हलला नाही.

गल्लीत मात्र सगळं जसंच्या तसं होतं. भिंतीला भिंत लागून सुपडूचं किराणा दुकान. सुपडू म्हणाला, "काय रे किरण, सुट्टीमा मामाकडे नही गया?" पोरांनी त्याला विटीदांडूत घेतलं, भांडून बाहेरही काढलं. म्हणजे तो होता. घरच्यांपुरताच नव्हता.

आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. बरं हा शब्द थोडा झाला. अंगणातल्या गोधडीवर तो पहिल्यांदा उताणा झोपला. पाठ टेकता येते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. जुने वळ जांभळ्याचे पिवळे झाले आणि त्यांच्यावर नवे आले नाहीत. टोपलीतली भाकरी तो हवी तेव्हा घ्यायचा. भाकरी कमी भरली की ताईबाई मांजरीला शिव्या द्यायची, आणि मांजर व किरण एकमेकांकडे बघायचे. हसू दाबायला तो कोठीमागे पळायचा, मग आठवायचं की दाबायची गरज नाही.

एका दुपारी म्हातारी पेंगत असताना तो तिच्या पायांशी वाकला. हे नववं बोट आधीच का नाही ओढलंस, असं त्याला विचारावंसं वाटलं. कुणी कुणाचे उपकार मानावेत याला काही धरबंध नसतो. त्याने मनापासून मानले.

५

आतली खोली धाब्याची. भरदुपारीही तिथे डोळे सरावायला वेळ लागायचा. बाहेर पंचेचाळीसचा पारा, वावटळी, गल्लीत कुत्रंही नाही. आत गार आणि मातीचा वास. पूर्वी त्या खोलीत त्याला फक्त कोंडायलाच नेत, आता तो आपण होऊन जाऊन बसायचा. मायची घागर तिथेच होती.

घागरीतलं पाणी रोज चार बोटं खाली जायचं. माती झिरपते, त्याने मनाशी म्हटलं. पण घागरीखालची जमीन कोरडी होती.

दुसरी गोष्ट धुळीची. वावटळीने दिवसभर घरात धूळ यायची, बोटाने नाव लिहावं इतकी. खोलीच्या मागच्या भिंतीला लागून मात्र ती काही ठिकाणी बसतच नव्हती. परातीएवढ्या स्वच्छ जागा, ओळीने. माणसं भिंतीला टेकून पंगतीला बसली आणि उठून गेली, तर राहतील तशा. त्याने मोजल्या. आठ. उंदीर, त्याने स्वतःला सांगितलं. मग स्वतःचाच राग आला. उंदीर ओळीने बसत नाहीत.

भिंत संपते तिथे, आठव्या जागेच्या पलीकडे, धूळ विरळ व्हायला लागली होती. आज थोडी, उद्या आणखी थोडी. ती जागा बाकीच्यांपेक्षा लहान होती.

त्या बाजूला पाठ करून तो घागरीकडे तोंड करून बसायचा. भीती वाटायची, पण ती नवी भीती होती. जुन्या भीतीला पट्टा होता, या भीतीला काहीच नव्हतं. कधी घोट गिळल्याचा आवाज यायचा. कधी कुणीतरी सरकून बसल्याचा, जागा करून दिल्याचा. एकदा काचेच्या बांगडीवर बांगडी आपटली, हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून हात सावरावा तशी. किरणच्या मानेवरचे केस उभे राहिले आणि त्याच वेळी डोळे भरून आले. त्याने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं आणि तिथे कुणी नसलं तर काय, हे एक. आणि असलं तर काय, हे दुसरं.

६

आठव्या दिवशी चुडामणने सपनाला मारलं.

चहाचा कप पडला, एवढंच. किरण चुलीपाशी होता. त्याने उडी मारून बापाचं मनगट धरलं आणि दात रोवले. तोंडात खारट रक्त आलं. चुडामणने हात झटकला, मनगट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "काय डास व्हयी गयात," असं पुटपुटला आणि त्याच हाताने दुसरी दिली. सपना कोठीवर आपटली. ती दादाला हाका मारत होती, पण बघत होती भलतीकडे. कोठीकडे, खांबाकडे, किरण जिथे नव्हता तिथे.

दुसऱ्या सकाळी लिंबाखाली तिने विचारलं, "दादा, तू काल कोठे व्हता?"

"तुना समोरच."

"माले नही दिसना." ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, पण जरा डावीकडे. "आनी तू बारीक बोलस आजकाल. जोरमा बोल ना."

तो ओरडून बोलत होता.

तेव्हा त्याच्या डोक्यात सगळं बसलं. आजीसाठी तो ज्या दिवशी गेला, त्याच दिवशी बापासाठीही गेला. पोर कच्चं, तिच्यासाठी तो जायला वेळ लागत होता इतकंच. आणि मार कुठे संपत नसतो. घरात जो समोर सापडेल त्याच्याकडे तो जातो. इतके दिवस समोर किरण होता. आता बापाच्या समोर फक्त सपना होती. ती पाच वर्षांची. वीस फटक्यांचा हिशेब तिच्याने झेपणार नव्हता.

स्वतःच्या सुखाची त्याला इतकी लाज वाटली की तो पळत घरी गेला आणि उंबरठ्यापुढे बसला. पाण्याने घासलं. रॉकेलने घासलं. विळ्याच्या टोकाने लाकूड खरवडलं. कपच्या निघाल्या, आणि कपचीच्या खाली रेघ होती. आणखी खरवडलं. आणखी खाली होती. जुनं लाकूड कुंकू पितं, तो म्हणाला, मोठ्याने म्हणाला. ताईबाई त्याच्या विळ्यावरून पाय टाकून आत गेली.

७

मायची धाकटी बहीण लताबाई धुळ्याला देवपुरात जेवणाचे डबे करायची. दिपमालाच्या बाराव्याला तिने पोलिसांचं नाव काढलं होतं, म्हणून चुडामणने तिला हाताला धरून गल्लीबाहेर काढलं. जाताना तिने किरणकडून आपला नंबर पाठ करून घेतला होता. पाढा म्हणवून घ्यावा तसा, तीनदा.

किरण सुपडूच्या दुकानात गेला. "काका, एक फोन लावना शे."

"कोणले?"

"मावशीले. धुयाले."

सुपडू तराजू पुसायला लागला. "तुना बाप माले उलटा टांगी, भाऊ. ते घरातलं घरमाच ऱ्हाऊ दे."

"काका, तुम्हनी भीत आम्हनी भीतले लागीसन शे," किरण म्हणाला. "माय तीन दिन पडेल व्हती. तुम्हले ऐकू उनं व्हई."

तराजू पुसून झाला तरी सुपडू तो पुसतच राहिला. मग खिशातला मोबाईल काढून साबणाच्या वड्यांवर ठेवला आणि तोंड फिरवून गोणीतली डाळ बघायला लागला. "मी नही दिधा. तूच लिधा."

एवढ्या मोठ्या माणसाची एवढीच हिंमत. तरी किरणने ती दोन्ही हातांनी घेतली. गल्लीने त्याला त्याआधी एवढंही दिलं नव्हतं.

"कोण?" पलीकडून मावशी. मागे कुकरच्या शिट्ट्या.

"किरण."

पलीकडे नुसत्या शिट्ट्या. हिलाही ऐकू जात नाही की काय, म्हणून त्याने मोबाईल कानावर दाबला.

"बोल ना बाळा. ऐकतेय."

"मावशी, सपनाले मारतस."

"आणि तुला?"

"माले नही मारत आते."

"का रे?"

त्याला नीट सांगायचं होतं. "मी त्यासले दिसत नही."

मावशीने गॅस बंद केल्याचा आवाज आला. "उद्या बाराला पोचते," ती म्हणाली. "दोघांचे कपडे पिशवीत भरून ठेव."

८

लताबाई आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. डोक्याला रुमाल, काखेत पाण्याची बाटली. ओसरीवर ताईबाई मणी सरकवत होती.

"राम राम, अक्का. पोरं कुठे आहेत?"

"सपी शे घरमा."

"आणि किरण?"

"किरण?" मणी थांबले नाहीत. "तो तं गया ना, बाई."

"कुठे गेला?"

"आखाजीले त्याना नावनं बोट काढं मी. दिपमालाना मांगे तोच."

किरण पिशवी घेऊन ताईबाईच्या मागेच उभा होता. लताबाईने त्याच्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "अक्का, थट्टा नका करू. हा काय तुमच्या पाठीशी उभा आहे."

ताईबाई वळली. तिने बराच वेळ बघितलं, एसटी येते का म्हणून रिकाम्या रस्त्याकडे बघावं तसं. तिच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता. तेच वाईट होतं.

"मांगे नुसती भीत शे, बाई," ती म्हणाली.

लताबाईच्या काखेतली बाटली निसटली. पण ती बाई पन्नास माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकणारी. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं तिने ठरवलं आणि पायरी चढून सपनाचा हात धरला. "चल गं. किरण, तूही चल."

तेवढ्यात मोटारसायकल आली. स्टँड लागलाच नाही, गाडी आडवी पडली. चुडामण उंबरठ्यात उभा राहिला.

"कोणले इचारीसन उनी तू?"

"विचारायचं ते आता पोलिसांनाच विचारते, दाजी. बाजूला व्हा."

त्याने सपनाचा दुसरा दंड पकडला आणि ओढला. लताबाईने सोडला नाही. पोर मध्ये ताणली गेली, खांद्यातून बारीक कट असा आवाज आला, तरी ती रडली नाही. त्या घरात पोरं रडायचं लवकर विसरत. किरण बापाच्या हाताला लोंबकळला. बुक्क्या मारल्या, चावला, पायांनी भिंत रेटून ओढलं. चुडामणला माशी बसल्याइतकंही कळलं नाही. आणि हे लताबाईला दिसत होतं. आपल्या हाताला अख्खं पोर लोंबतंय आणि माणूस खालीसुद्धा बघत नाही, हे दिसल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला. तिची पकड सैल व्हायला लागली.

किरणने हात सोडला. जिवंत माणसांत आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. तो आतल्या खोलीत गेला.

डोळे सरावायची वाट न बघता तो भिंतीच्या टोकाशी गेला. नववी जागा तयार होती. धुळीचा कणही नाही. भिंतीला पाठ लावून, मांडी घालून तो तिथे बसला, आणि जागा त्याच्या मापाची निघाली. शिवून घेतल्यासारखी.

लगेच शेजारचं त्याला कळलं. बघून नव्हे. घागरीच्या पोटाला गाल लावल्यावर लागतो तसा गारवा डाव्या दंडाला लागला. त्याने मान वळवली नाही, फक्त डोळे खाली नेले. हिरव्या लुगड्याचा काठ. त्यावर टेकलेला हात. अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण. काचेच्या दोन बांगड्या, आणि एक टिचलेली.

"माय," तो म्हणाला, "सपीले सोडव."

आधी काहीच झालं नाही. मग भिंतीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत, एकामागे एक, आवाज आले. गुडघे कुरकुरल्याचे. जमिनीवर हात टेकून उठल्याचे. म्हातारी माणसं पंगतीतून उठतात तसे, सावकाश, कण्हत. दारातून येणारा उजेड एकेका उठण्याबरोबर थोडा थोडा झाकत गेला. किरणही उठायला गेला, पण पाय उठेनात. ती जागा त्याला सोडत नव्हती. एवढ्यात पाठीच्या मधोमध एक तळवा बसला आणि त्याने त्याला जोरात पुढे ढकललं. शाळेला उशीर झाला की माय ढकलायची, तसं. तो धडपडत खोलीबाहेर आला.

चुडामण उंबरठ्यातच होता. पण तो आता सपनाकडे बघत नव्हता, लताबाईकडेही नाही. आतल्या खोलीच्या दाराकडे, माणसाच्या उंचीवर, त्याची नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर सरकत होती. त्याची बोटं एकेक करून सपनाच्या दंडावरून सुटली. पँट ओली झाली.

"माय," तो ताईबाईला म्हणाला, अगदी हळू, "बठ्ठा उनात." सगळे आले होते.

ओसरीवर माळ तुटून मणी विखुरले. ते गोळा करायला म्हातारी वाकली नाही. चुडामण भिंतीला चिकटून बाजूला सरकला, आणि लताबाईने त्या फटीतून पोरीला बाहेर ओढलं. किरणने पिशवी उचलली. मागे वळून बघायचं नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. लताबाईने एकदा बघितलं. तिने काय बघितलं, ते तिने कधी सांगितलं नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

९

अमळनेरहून धुळ्याच्या एसटीत सपना खिडकीशी बसली, किरण मध्ये, मावशी कडेला. कंडक्टरने तीन माणसं मोजली. मावशीने दोघांना केळी सोलून दिली. सपनाच्या खांद्याला ओला रुमाल बांधला होता.

गाडीने गाव सोडल्यावर सपना म्हणाली, "मावशी, दादा ऱ्हाई गया."

"अगं, हा काय तुझ्याजवळच बसलाय."

सपनाने मान वळवली. किरणने तिचा हात हातात घेतला. तिने तोच हात सोडवल्यासारखंही न करता उचलला आणि नाकावरची माशी हाकलली. मग त्याच्या आरपार मावशीकडे बघत राहिली. त्याच्यातलं जे काही थोडं तिच्यासाठी उरलं होतं, ते त्या भिंतीशी बसून उठताना तिथेच राहिलं होतं.

त्याला आठ वर्षं झाली. चुडामण जिवंत आहे. ताईबाईही जिवंत आहे आणि गावात तिला भाविक म्हणतात. त्या दोघांना कुणी काही विचारलं नाही, आणि मोठ्या माणसांच्या गावात कुणी विचारणारही नाही.

किरणने दहावीत शाळा सोडली. कूलर दुरुस्तीच्या दुकानात तो काम करतो, मावशीच्या डब्यांची सायकल चालवतो. उताणा झोपतो. रोज झोपण्याआधी तो सगळ्यांचे आभार मानतो. मावशीचे, दोन्ही हातांनी घेतलेल्या त्या फोनचे, पाठीवर बसलेल्या तळव्याचे. भिंतीशी कण्हत उठलेल्या त्या सातजणांचेही, ज्यांचे चेहरे त्याने पाहिले नाहीत आणि ज्यांना त्याच्यासाठी उठायचं काही कारण नव्हतं. यातलं एकही माणूस नसतं तर काय झालं असतं, हे त्याला माहीत आहे. म्हणून तो कुरकुर करत नाही.

सपना तेरा वर्षांची आहे. जोरात हसते, कप फुटला तर कुणाकडे न बघता केरसुणी आणते. तिच्या वह्यांना तो कव्हर घालतो, ती मावशीला थँक्यू म्हणते. एकाच खोलीत तिघं राहतात.

मैत्रिणींनी विचारलं की ती सांगते, तिला भाऊ होता, लहानपणीच वारला. किरण तिथेच बसलेला असतो.